निवडुंग आणि पतंग

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत चिंचिला नांवाचें एक गांव आहे. त्या गांवाजवळ, बूनार्गा येथें, एक साधेंसें सभागृह उभें आहे. १९३६ सालीं तें बांधलें गेलें. अशीं सभागृहें खेडोपाडीं पुष्कळ असतात, आणि त्यांस राजाचें, सेनापतीचें किंवा एखाद्या देणगीदाराचें नांव दिलेलें असतें. बूनार्ग्याच्या सभागृहास मात्र एका पतंगाचें नांव आहे. कॅक्टोब्लास्टिस स्मारक सभागृह, असें त्याचें नांव. पतंग म्हटला म्हणजे मराठी माणसास दिव्यावर झेप घालून जळून जाणारा एक वेडा जीव आठवतो. अशा जिवाचें स्मारक उभारण्याची बुद्धि रोखठोक शेतकऱ्यांस कां झाली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण ती केवळ एका कीटकाची हकीकत नाहीं. माणूस सोयीसाठीं काय करून बसतो आणि तें निस्तरावयास त्याला किती धीर धरावा लागतो, हें तींत दिसतें.

हकीकतीचा आरंभ एका रंगापासून होतो. अठराव्या शतकांत युरोपांत किरमिजी रंगास मोठें मोल होतें. हा रंग एका बारीक किड्यापासून निघे, आणि तो किडा निवडुंगाच्या अंगावरच पोसला जाई. ह्या व्यापाराच्या किल्ल्या स्पेनच्या हातीं होत्या. इंग्रजांस आपल्या लाल कापडासाठीं परक्याच्या दारांत उभें राहणें आवडत नव्हतें. आपल्याच वसाहतींत निवडुंग लावावा, त्यावर किडा पोसावा आणि रंग काढावा, असा त्यांचा विचार होता. म्हणून १७८७ सालीं कॅप्टन आर्थर फिलिप हा पहिला ताफा घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाला, तेव्हां वाटेंत ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें त्यानें किडा लागलेला निवडुंग जहाजावर चढविला. १७८८ च्या जानेवारींत तो सिडनीस उतरला. रंगाचा धंदा कधींच उभा राहिला नाहीं. निवडुंग मात्र राहिला.

खरा उपद्रव केला तो ह्या पहिल्या जातीनें नव्हे, तर तिच्या मागाहून आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन जातीनें. १८३९ च्या सुमारास एका डॉक्टरनें सिडनीहून कुंडींत लावलेलें एक रोप न्यू साउथ वेल्समधील स्कोन ह्या गांवीं नेलें. रोप दिसावयास सुरेख होतें. पिवळीं फुलें, जांभळीं फळें, आणि पाण्याची फारशी मागणी नाहीं. पाहतां पाहतां त्याचे फडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेले. ज्या देशांत तारेचें कुंपण महाग आणि लांकूडफांटा दूर, तेथें एक फडा जमिनींत टोंचला कीं दोन वर्षांत कुंपण तयार, ही सोय कोणास नको होती? शिवाय अवर्षणांत गुरांस ओला चारा म्हणूनहि त्याचा उपयोग होईल, अशी आशा होती. उत्तरेकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनीं आपल्या गाड्यांतून हे फडे बरोबर नेले. कोणीहि वाईट हेतूनें नेले नाहींत, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ज्यानें महाराष्ट्रांतील फड्या निवडुंग पाहिला आहे त्याला ह्या वनस्पतीची चिकाटी सांगावयास नको. तिचा फडा तोडून उन्हांत टाकला तरी महिनोन्‌महिने सुकत नाहीं, आणि पहिला पाऊस पडतांच जमिनीला टेकलेल्या बाजूनें मुळें सोडतो. कुऱ्हाडीनें एका झुडुपाचे पन्नास तुकडे केले तर पन्नास नवीं झुडुपें होतात. फळें पक्षी खातात आणि बिया मैलोगणती दूर टाकतात. पुराच्या पाण्याबरोबर फडे वाहत जाऊन नदीकांठच्या सुपीक मळईंत रुजतात. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, आपल्या मायदेशीं, म्हणजे अमेरिकेंत, ह्या वनस्पतीच्या मागें जे शेंकडों कीटक लागलेले असतात, त्यांपैकीं कोणीच तिच्याबरोबर ऑस्ट्रेलियास आले नव्हते. शत्रूंस मागें ठेवून ती एकटी आली होती. ज्यास तण म्हणतात तें पुष्कळदां असेंच असतें. आपल्या घरीं तें एक साधें झाड असतें. परक्या देशांत, वैरी नाहींसे झाले म्हणजे, त्याचा राक्षस होतो.

१९०० च्या सुमारास सुमारें एक कोटि एकर जमीन निवडुंगाखालीं गेली होती. १९२५ पर्यंत हा आंकडा सहा कोटि एकरांच्या घरांत गेला. आजच्या सबंध महाराष्ट्र राज्याचे पांच भाग केले तर त्यांतील चार भागांएवढी ही जमीन होय. दर वर्षीं दहा लाख एकरांच्या हिशेबानें तिच्यांत भर पडत होती. ह्यांपैकीं निम्म्या जमिनीवर निवडुंग इतका दाट होता कीं, त्यांतून माणूस, मेंढरूं किंवा घोडा कोणीच जाऊं शकत नव्हतें. ह्याच जमिनींवर पूर्वीं गुरें आणि मेंढ्या चरत असत. ऑस्ट्रेलियाचें सारें वैभव तेव्हां लोंकरीवर आणि मांसावर होतें. म्हणजे शेवटीं गवताच्या पात्यावर होतें. तें पातें निवडुंगाच्या सावलींत मरून गेलें.

लोकांनीं हातपाय गाळले नाहींत. त्यांनीं निवडुंग तोडला, खणला, जाळला, बैलांच्या जड रुळांखालीं चिरडला. पण एक एकर साफ करावयास जो खर्च येई तो त्या एकराच्या किंमतीहून अधिक होऊं लागला, आणि जेथें हा हिशेब उलटा झाला तेथें शेतकऱ्याचें मनगट कितीहि बळकट असलें तरी त्याचा उपयोग उरत नाहीं. १९०१ सालीं क्वीन्सलंड सरकारनें खात्रीच्या उपायासाठीं ५,००० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. १९०७ सालीं तें दुप्पट केलें. उपाय सुचविणारे पुष्कळ पुढें आले. बक्षीस कोणालाहि मिळालें नाहीं.

मग विषाची पाळी आली. १९१२ सालीं डलाका येथें एक प्रयोगकेंद्र उघडण्यांत आलें, आणि त्याची सूत्रें डॉ. जीन व्हाइट ह्या विदुषीच्या हातीं देण्यांत आलीं. त्या काळांत एका स्त्रीवर अशा रानांतल्या, धुळीच्या आणि विषाच्या कामाचा भार सोंपविला गेला, ही गोष्ट लक्षांत राहण्यासारखी आहे. त्यांनीं नाना प्रकारचीं रसायनें पारखून पाहिलीं आणि सोमलापासून बनविलेलीं द्रव्यें सर्वांत प्रभावी ठरविलीं. पुढें सोमलाचें आणि गंधकाच्या तेजाबाचें मिश्रण शेतकरी पिचकारीनें एकेका फड्यांत टोंचूं लागले. निवडुंग मरे, हें खरें. पण हें मिश्रण माणसाचे हात भाजी, कपडे जाळी, आणि गुरांसहि घातक ठरे. आणि एवढें करून एका मोसमांत एक कुटुंब किती फडे टोंचणार? शेजारची जमीन जर ओस पडलेली असेल, तर पुढच्या पावसांत पक्षी पुन्हां बिया आणून टाकीत. निवडुंगाच्या बिया पसरवितो म्हणून इमू ह्या उंच पक्ष्यास आणि कावळ्यांस मारण्यासाठींहि सरकारनें इनामें लावलीं. त्यानेंहि कांहीं साधलें नाहीं. कित्येक कुटुंबांनीं आपलीं घरें आणि कुंपणें तशींच सोडलीं आणि तीं शहराकडे निघून गेलीं. मागें राहिलेल्या घरांत खिडकींतून निवडुंग आंत आला.

ह्या अंधारांत जो प्रकाश दिसला, त्याचा एक किरण भारताकडून गेला होता. सिडनीप्रमाणेंच भारतांतहि कंपनी सरकारला किरमिजी रंगाचा मोह पडला होता. १७९५ सालीं कॅप्टन नीलसन ह्यानें रिओ द जानेरोहूनच किडा आणून तो कलकत्त्यास उतरविला. पण हा किडा हलक्या जातीचा निघाला. त्याचा रंग बाजारांत चालेना. आणि निवडुंगाच्या एका जातीवर मात्र तो असा कांहीं तुटून पडला कीं, तिचा पार फडशा पाडला. ज्याला रंगासाठीं आणला त्यानें आपलेंच अन्न संपविलें. रंगाच्या दृष्टीनें हें संकट होतें. कुरणाच्या दृष्टीनें तें वरदान होतें. हें ज्यांनीं ओळखलें त्यांनीं १८३६ ते १८३८ च्या दरम्यान हा किडा मुद्दाम दक्षिण भारतांत नेला, आणि १८६५ च्या सुमारास तो सिलोनांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, गेला. एका देशांतील तण मारण्यासाठीं बुद्धिपुरस्सर कीटक नेण्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण मानतात.

१९१२ सालीं क्वीन्सलंड सरकारनें प्राध्यापक हार्वे जॉन्स्टन आणि हेन्‍री ट्रायन ह्या दोघांस जगाच्या प्रवासास पाठविलें. निवडुंगाचे नैसर्गिक वैरी शोधून काढावे, एवढीच त्यांस आज्ञा होती. भारत आणि सिलोन येथें त्यांस हा किडा मिळाला. तो ऑस्ट्रेलियास नेऊन सोडतांच, १७८८ मध्यें आलेली ती पहिली जात थोड्याच वर्षांत निस्तेज झाली. पण ज्या जातीनें खरा अनर्थ केला होता तिला त्या किड्यानें तोंडहि लावलें नाहीं. येथें ह्या शास्त्रांतील पहिला धडा शिकावयास मिळाला: कीटक आणि वनस्पति ह्यांचें नातें कुलूप आणि किल्ली ह्यांच्यासारखें असतें. जवळची किल्ली चालत नाहीं, नेमकीच लागते.

नेमकी किल्ली अर्जेंटिनांत होती. जॉन्स्टन आणि ट्रायन ह्यांनीं तेथें एका करड्या पतंगाच्या अळ्या निवडुंगाचे फडे पोखरतांना पाहिल्या आणि १९१४ सालीं कांहीं अळ्या ब्रिस्बेनला आणल्या. पण त्यांची वीण टिकली नाहीं. त्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें, आणि हें काम मागें पडलें. ते दिवस गेल्यावर १९२० सालीं ह्या एकाच कामासाठीं एक मंडळ स्थापन झालें. त्याच्या शास्त्रज्ञांनीं अमेरिका खंडांत निवडुंगावर जगणाऱ्या सुमारें दीडशे कीटकांचा अभ्यास केला. अॅलन डॉड हा तरुण कीटकशास्त्रज्ञ पुन्हां अर्जेंटिनास गेला, आणि १९२५ च्या मे महिन्यांत पतंगाचीं सुमारें तीन हजार अंडीं ब्रिस्बेनला सुखरूप पोंचलीं.

ह्यानंतरचा भाग ह्या हकीकतीचा गाभा होय, आणि सहसा तोच सांगावयाचा राहून जातो. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांस घाई होती. सरकारासहि घाई होती. पण एक प्रश्न दारांत उभा होता. निवडुंग संपल्यावर हा पतंग काय खाईल? उद्यां तो गव्हावर बसला, सफरचंदाच्या बागेंत शिरला, तर त्याला परत कोण बोलावील? एकदां मोकळा सोडलेला कीटक हा भात्यांतून सुटलेल्या बाणासारखा नव्हे. बाण निदान कोठेंतरी पडून राहतो, कीटक वीण वाढवितो. म्हणून जे कीटक निवडले जात त्यांच्या अळ्यांस बंद पिंजऱ्यांत, निवडुंग न देतां, पिकांच्या आणि फळझाडांच्या निरनिराळ्या जातींवर सोडून उपाशी ठेवीत. ह्या पतंगाच्या अळ्या त्या हिरव्या पानांच्या मेजवानींत बसून उपाशी मेल्या. त्यांनीं दुसरें अन्न पत्करलें नाहीं. शिवाय ऑस्ट्रेलियांत निवडुंगाच्या कुळांतील एकहि झाड मूळचें नाहीं, म्हणजे ह्या अळीला चुकून खाण्यासारखा कोणी नातलगहि त्या देशांत नव्हता. दोन्ही गोष्टींची खात्री झाली, तेव्हांच पिंजऱ्याचें दार उघडलें.

१९२६ सालीं पहिलीं वीस लाखांहून अधिक अंडीं निरनिराळ्या ठिकाणीं सोडण्यांत आलीं. ह्या पतंगाची मादी सत्तर-पंचाहत्तर अंडीं एकावर एक, नाण्यांच्या चळतीसारखीं रचते, आणि ती चळत निवडुंगाच्या कांट्यासारखीच दिसते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या नारिंगी रंगाच्या, अंगावर काळे पट्टे असलेल्या. एकटी अळी निवडुंगाची चिवट कातडी भेदूं शकत नाहीं, आणि भेदली तर आंतील चिकट रसांत सांपडून मरते. म्हणून सगळ्या भावंडांनीं मिळून एकाच ठिकाणीं भोंक पाडावयाचें आणि एकामागून एक आंत शिरावयाचें, अशी त्यांची रीति आहे. आंतील गर खाऊन झाला कीं त्या दुसऱ्या फड्यांत जातात. मागें राहिलेल्या फड्यांत कुजण्याचे जंतु शिरतात, आणि पुरुषभर उंचीचें झुडूप चिखलासारखें खालीं बसतें. पतंग स्वतः कांहींच खात नाहीं. त्याचें आयुष्य थोड्या दिवसांचें आणि काम एकच.

चिंचिला येथें ह्या अंड्यांची जणूं टांकसाळच उघडली. अंड्यांच्या चळती कागदाच्या तुकड्यांवर चिकटवून शेतकऱ्यांस वांटीत, आणि शेतकरी ते तुकडे टांचणीनें फड्यांस टोंचीत. थोड्याच वर्षांत अब्जावधि अंडीं वांटलीं गेलीं. १९३० ते १९३२ ह्या काळांत निवडुंगाचीं दाट रानें पाहतां पाहतां सडून जमिनीस मिळालीं. ज्या रानांत पंचवीस वर्षें माणसाचें पाऊल पडलें नव्हतें तेथें ऊन पडलें, आणि उन्हाबरोबर गवत उगवलें.

येथेंहि एक अडचण आलीच. निवडुंग संपतांच अळ्या उपाशी मेल्या, पतंगांची संख्या एकदम घटली, आणि १९३२-३३ मध्यें जुन्या बुंध्यांतून व पडलेल्या तुकड्यांतून निवडुंग पुन्हां फुटूं लागला. ज्यांनीं नुकतींच गुरें विकत घेतलीं होतीं त्यांच्या पोटांत गोळा उठला. पण उरलेल्या थोड्या पतंगांस पुन्हां अन्न मिळालें, त्यांची वीण पुन्हां वाढली, आणि दोन-तीन वर्षांत त्यांनीं नव्या फुटीलाहि गांठलें. तेव्हांपासून त्या प्रदेशांत निवडुंग आणि पतंग हे दोघेहि आहेत. थोडा हा, थोडा तो. निवडुंग समूळ नाहींसा झाला नाहीं, आणि थंड प्रदेशांत किंवा निवडुंगाच्या दुसऱ्या कांहीं जातींवर ह्या पतंगाचें फारसें चालतहि नाहीं. पण कुरण परत आलें. ओस पडलेल्या वसाहती पुन्हां वसल्या, गोठे उभे राहिले, आणि बूनार्ग्याच्या शेतकऱ्यांनीं आपल्या सभागृहास त्या पतंगाचें नांव दिलें.

हकीकत येथें संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु ती अपुरी ठरली असती. ज्या क्वीन्सलंडनें हा संयम दाखविला त्याच क्वीन्सलंडनें, निवडुंगाच्या विजयानें मन भरलेलें असतांनाच, १९३५ सालीं हवाई बेटांतून एक मोठ्या जातीचा विषारी भेक आणला. उंसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे त्यानें खावेत, अशी अपेक्षा होती. वॉल्टर फ्रॉगट ह्या वृद्ध कीटकशास्त्रज्ञानें इशारा दिला होता. तो मनावर घेतला गेला नाहीं. पतंगाची अळी एकाच अन्नावर जगते. भेक समोर येईल तें खातो. उंसाच्या शेंड्यावर बसलेले भुंगेरे त्याच्या हातीं लागले नाहींत, आणि देशांतील बाकीचे असंख्य प्राणी लागले. त्याला जे खावयास गेले ते सर्प, घोरपडी आणि लहान श्वापदें त्याच्या विषानें मेलीं. आज तो उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरलेला आहे, आणि त्याचें स्मारक बांधण्याची इच्छा कोणा शेतकऱ्यास झाल्याचें ऐकिवांत नाहीं. एकाच प्रांतानें दहा वर्षांच्या अंतरानें दोन परके जीव आणले. एका वेळीं आधीं विचारलें, "हा आणखी काय खाईल?" दुसऱ्या वेळीं तो प्रश्न मनापासून विचारला गेला नाहीं. सारा फरक एवढाच.

आणि जो पतंग ऑस्ट्रेलियांत उपकारक ठरला तोच दुसरीकडे उपद्रवी ठरला. १९५७ सालीं तो वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर सोडण्यांत आला. तेथून बेटाबेटांनीं पुढें सरकत १९८९ मध्यें तो अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत आढळला. त्या भूमींत निवडुंग परका नाहीं, तो तेथलाच. मेक्सिकोंत तर त्याचे कोंवळे फडे भाजी म्हणून खातात, त्याचीं फळें बाजारांत विकतात, आणि देशाच्या राजचिन्हावर गरुड बसलेला आहे तोहि निवडुंगावरच. २००६ सालीं मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर हा पतंग दिसतांच तेथील सरकारची झोप उडाली. रोगट झाडें उपटून, सापळे लावून, २००९ पर्यंत त्या बेटावरून त्याचें उच्चाटन करण्यांत आलें. म्हणजे जीव तोच, काम तेंच. जागा बदलली आणि पुण्याचें पाप झालें.

महाराष्ट्रास ही कथा परकी वाटावयाचें कारण नाहीं. गांवकुसाबाहेर, ओढ्याच्या कांठीं, पडक्या वाड्यांच्या आंगणांत फड्या निवडुंगाचीं बेटें एके काळीं सर्वत्र दिसत. दुष्काळांत त्याचे कांटे भाजून फडे गुरांपुढें टाकण्याचे प्रयोग मुंबई इलाख्यांत झाले होते. १९२६ सालीं सिलोनमधून किरमिजी किड्याची दुसरी एक जात दक्षिण भारतांत आणण्यांत आली, आणि तेथील निवडुंगाचीं बेटें पांच-सहा वर्षांत ओसरलीं. पांढऱ्या कापसासारखा पुंजका अंगावर घेऊन वाळलेला फडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांनीं ह्या किड्याचें काम प्रत्यक्ष पाहिलें आहे. तो पुंजका बोटानें चिरडला तर बोट लाल होतें. हाच तो रंग, ज्याच्या लोभानें हें सारें सुरू झालें.

निवडुंगाची जागा पुढें दुसऱ्यानें घेतली. १९५५ च्या सुमारास पुण्यांत एक पांढऱ्या बारीक फुलांचें झुडूप दिसूं लागलें. परदेशांतून आलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें असावें, असें मानतात. लोकांनीं त्याला गाजरगवत म्हटलें, काँग्रेस गवतहि म्हटलें. आज तें देशभर आहे. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, पुष्कळ माणसांस त्याच्या स्पर्शानें अंगाला खाज सुटते, आणि जेथें तें माजतें तेथें चाऱ्याचें गवत हटतें. विशेष हें कीं, त्याच दशकांत क्वीन्सलंडमध्येंहि हेंच गवत प्रथम आढळलें, आणि तेथील कुरणांनाहि त्यानें असेंच ग्रासलें. दोन्ही देशांनीं पुन्हां मेक्सिकोकडे पाहिलें. पानें खाणारा एक लहान भुंगेरा १९८० सालीं क्वीन्सलंडनें आणि १९८४ सालीं भारतानें, बंगळूर येथें, सोडला. पावसाळ्यांत तो गाजरगवताचीं पानें चाळण करून टाकतो. कोरड्या दिवसांत जमिनींत दडून बसतो, आणि तेवढ्यांत गवत पुन्हां डोकें वर काढतें. १९९१ च्या सुमारास तो सूर्यफुलाचीं पानें खातांना दिसला, तेव्हां पुन्हां तोच जुना प्रश्न उठला, आणि पुन्हां तपासणी करावी लागली. निवडुंगावरील विजयासारखा झटपट विजय येथें मिळालेला नाहीं.

तसा तो सर्वत्र मिळावयाचाहि नाहीं. कीटक हा तणाविरुद्धचा एक सैनिक आहे. सारें सैन्य नव्हे. कुरणांतील अनुभवी माणसांस एक गोष्ट ठाऊक असते, आणि शास्त्रानेंहि तीच मान्य केली आहे. गवताची दाट मूळ धरलेली जमीन तणास सहजासहजीं जागा देत नाहीं. अतिचराईनें जेथें गवताची मुंडी मुळापर्यंत खाल्ली जाते, जेथें माती उघडी पडते, तेथेंच परकें बीं रुजतें. म्हणून गुरांची संख्या चाऱ्याच्या बेतानें ठेवणें, कुरणाचे भाग पाडून आळीपाळीनें त्यांस विसांवा देणें, तण फुलावर येण्यापूर्वीं उपटणें, आणि बाहेरून आलेल्या कडब्यांत, बियाण्यांत व गाडीच्या चाकांच्या चिखलांत काय दडलें आहे हें पाहणें, हीं कामें कोणताहि पतंग माणसासाठीं करणार नाहीं. दहा रोपें उपटावयास एक सकाळ पुरते. तींच दहा रोपें दहा वर्षें राहिलीं तर त्यांस उपटावयास एक राज्य पुरत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांस वाटेल कीं ह्यांत आपला संबंध काय? कुरणें दूर, गुरें दूर. पण सहा कोटि एकरांच्या त्या आपत्तीच्या मुळाशीं जें होतें तें घराच्या ओटीवर शोभणारें, कुंडींतलें एक देखणें रोप होतें. आजहि परदेशीं रोपें बाजारांतून घरांत येतात, कंटाळा आला म्हणजे टेंकडीच्या उतारावर किंवा नाल्याच्या कांठीं टाकलीं जातात, आणि पावसाळा येतो. टाकणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. स्कोनच्या डॉक्टराच्या मनांतहि नव्हतें. बूनार्ग्याचें सभागृह पतंगाच्या पराक्रमाची आठवण देतें, तें योग्यच आहे. पण ज्या कुंडीमुळें तो पराक्रम करावा लागला तिची आठवण कोठेंच ठेवलेली नाहीं. ती ज्याची त्यानें आपल्या घरीं ठेवली पाहिजे.